धक्का बसला म्हणे! पण कधी बसला, ते सांगा

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा.

गेल्या पंधरा दिवसांत आपल्या तालुक्यात तीन माणसांना धक्का बसला. एका अधिकाऱ्यांना शाळेच्या स्लॅबचं प्लॅस्टर पडल्याचं ऐकून बसला. एका पुढाऱ्यांना गटाराचा ठेकेदार काम अर्धवट टाकून गेल्याचं ऐकून बसला. आणि एका संस्थाचालकांना आपल्याच संस्थेतल्या शिक्षकांचे पगार चार महिन्यांपासून थकलेत हे ऐकून बसला! तिघांनीही पत्रकारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर प्रतिक्रिया पाठवली. एकाने लिहिलं, 'व्हेरी शॉकिंग'. दुसरे म्हणाले, 'आय ॲम सरप्राइज्ड'. तिसऱ्यांनी तर 'अस्टॉनिशिंग' असा शब्द काढला. त्याचं स्पेलिंग तपासायला आमच्या एका सहकाऱ्याला मोबाईल उघडावा लागला.

मराठी माणसाला अडचणीच्या वेळी इंग्रजी का सुचतं, हा वेगळा विषय आहे. पण हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे नाहीत. ते कुठून आले हे कळलं, तर या तीन साहेबांनी नकळत काय कबूल केलंय तेही कळतं. म्हणून आज जरा इंग्रजीचा तास.

इंग्रजी शब्दकोशकारांबद्दल एक जुना किस्सा सांगतात. कुणी तो अमेरिकेच्या नोहा वेब्स्टरच्या नावावर खपवतं, कुणी इंग्लंडच्या डॉ. सॅम्युअल जॉन्सनच्या. घडल्याचा पुरावा काही नाही, दंतकथाच आहे. शब्दकोशकार महाशय घरातल्या मोलकरणीशी नको तितकी सलगी करत असतात आणि नेमक्या बाईसाहेब दार उघडून आत येतात. बाई संतापून म्हणतात, मी सरप्राइज झाले! महाशय शांतपणे शब्द दुरुस्त करतात. नाही बाईसाहेब, सरप्राइज मी झालो, तुम्ही अस्टॉनिश झालात.

यातली गंमत समजायला 'सरप्राइज'चा जुना अर्थ माहीत हवा. हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. 'वरून येऊन पकडणं' असा त्याचा मूळ अर्थ. इंग्रजीत तो आधी लढाईत वापरला जायचा. शत्रू गाफील असताना अचानक हल्ला करणं, ठाणं काबीज करणं, म्हणजे सरप्राइज. मराठीत त्याला आपल्याकडे अस्सल शब्द आहे, छापा. एप्रिल १६६३ मध्ये पुण्याच्या लाल महालात शाहिस्तेखानाला मिळालं ते खरं सरप्राइज. वाढदिवसाच्या केकशी या शब्दाचा संबंध फार उशिरा आला.

म्हणजे जो पकडला जातो, तो सरप्राइज होतो. दारात उभं राहून बघणारा अस्टॉनिश होतो. आता वरच्या यादीतले आपले पुढारी पुन्हा वाचा. 'आय ॲम सरप्राइज्ड' असं त्यांनी लिहिलंय. जुन्या अर्थाने घेतलं, तर इतकं प्रामाणिक निवेदन त्यांनी उभ्या कारकिर्दीत दिलं नसेल.

याच शब्दाची आणखी एक तऱ्हा आपल्या रोजच्या पाहण्यातली. 'सरप्राइज व्हिजिट'. आमच्याकडे मागे एका मोठ्या साहेबांची अशी व्हिजिट झाली. आदल्या दिवशी संध्याकाळी आम्हाला निरोप आला, 'उद्या सकाळी ११ वाजता मा. साहेब अचानक भेट देणार आहेत. पत्रकार बांधवांनी छायाचित्रकारांसह उपस्थित राहावे.' सकाळी जाऊन पाहिलं, तर फरशीवर फिनेल, दारात रांगोळी, खिडक्यांना नवे पडदे आणि पडद्यांवर दुकानातल्या घडीच्या रेषा तशाच. साहेबांनी सर्व काही समाधानकारक असल्याबद्दल समाधान व्यक्त केलं. खरं अचानक असतं, तर बातमी मिळाली असती. इथे मिळाला तो नाश्ता.

आता 'अस्टॉनिश'. हा शब्द गडगडाटाचा आहे. लॅटिनमध्ये ढगांच्या गडगडण्याला जो धातू आहे, त्याच्यापासून फ्रेंचमार्गे इंग्रजीत 'अस्टॉनिश', 'अस्टाउंड' आणि 'स्टन' हे तिन्ही शब्द आले. त्या धातूचं नातं संस्कृतशीही आहे. संस्कृतात गडगडणाऱ्या मेघाला 'स्तनयित्नु' म्हणतात, तो त्याच कुळातला. थोडक्यात, डोक्यावर वीज कडाडल्यावर माणसाचं जे होतं, ते अस्टॉनिश.

'अमेझ' हा जुन्या इंग्रजीतला शब्द. माणूस पार गोंधळून, भांबावून जाणं असा त्याचा आधीचा अर्थ. भूलभुलैयाला इंग्रजीत 'मेझ' म्हणतात, तो याचाच भाऊ. आणि 'शॉक' हा फ्रेंचमधला टकरीचा शब्द. दोन फौजा एकमेकींवर आदळतात, ती टक्कर. विजेचा शॉक त्यानंतरचा. आपल्या गावाकडं तर अजूनही शॉक बसतो तो मोटारीच्या उघड्या वायरीचा, आणि तो बसल्यावर कुणी प्रेसनोट काढत नाही.

आणखी एक सांगतो आणि तास संपवतो. 'स्टुपेंडस' म्हणजे थक्क करणारं, अचाट. आणि 'स्टुपिड' म्हणजे मूर्ख. हे दोन्ही शब्द लॅटिनमधल्या एकाच धातूचे आहेत, त्याचा अर्थ सुन्न होणं, दिङ्मूढ होणं. आश्चर्याने सुन्न झालेला माणूस आणि ठोंब्या माणूस बाहेरून सारखेच दिसतात, तोंड दोघांचंही उघडं. सारखं सारखं आश्चर्य व्यक्त करणाऱ्या मंडळींनी हे नातं ध्यानात ठेवलेलं बरं.

आता मुद्द्यावर येतो. हे शब्द नीट पाहा. छापा, वीज, टक्कर, चकवा. सगळ्यांत एक गोष्ट सारखी आहे, मार बाहेरून येतो आणि बोलणारा तो खातो. मराठीत तर व्याकरणच मदतीला धावतं. 'मला धक्का बसला' या वाक्यात 'मी' काहीच करत नाही. धक्का आपला आपण येतो आणि बसतो. ज्याने उत्तर द्यायचं, तो एका वाक्यात जखमींच्या रांगेत जाऊन उभा राहतो. मग त्याला जाब कोण विचारणार? जखमी माणसाची लोक विचारपूस करतात.

त्या शाळेचंच घ्या. जिल्हा परिषदेची शाळा, दोन खोल्या धोकादायक. प्लॅस्टर पडलं ते मधल्या सुट्टीत. पोरं अंगणात खिचडी खायला बसली होती म्हणून वाचली. तिसरीच्या वर्गात पहिल्या दोन बाकांवर ढीग पडला होता. साहेबांची प्रतिक्रिया आली, 'घटना अत्यंत धक्कादायक असून चौकशीचे आदेश दिले आहेत.'

मी दुसऱ्या दिवशी शाळेत गेलो. मुख्याध्यापक बोलायला तयार नव्हते, बोलले की नोटीस येते हे त्यांना ठाऊक. शाळा व्यवस्थापन समितीच्या एका आईने मात्र पिशवीतून फाइल काढली. खोल्यांचं निर्लेखन करून त्या पाडाव्यात आणि नवीन द्याव्यात, असा समितीचा ठराव. सोबत तीन पत्रं. पहिलं गेल्या वर्षीच्या जुलैतलं, दुसरं डिसेंबरमधलं, तिसरं या मे महिन्यातलं. तिन्ही पत्रांच्या पोचेवर कार्यालयाचा गोल शिक्का, आवक क्रमांक, तारीख आणि कुणाची तरी घाईतली सही. त्या बाई चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत. मला म्हणाल्या, "भाऊ, साहेबांना धक्का बसला असं पेपरात आलंय. मग हे शिक्के कुणी मारले?"

एवढं साधं आहे बघा. ज्या कागदावर तुमच्या कार्यालयाचा आवक शिक्का आहे, त्या कागदातल्या गोष्टीचा तुम्हाला धक्का बसू शकत नाही. दुःख होऊ शकतं, लाज वाटू शकते, भीती वाटू शकते. धक्का नाही. धक्क्यासाठी माहीत नसणं ही पहिली अट आहे.

हे एका तालुक्याचं, एका शाळेचं झालं. राज्याच्या पातळीवर याची किंमत किती असते, ते २०२१ साली दिसलं.

९ जानेवारी २०२१. भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या अतिदक्षता कक्षाला मध्यरात्रीनंतर आग लागली. १० बाळं गेली. त्या रात्री अख्खा महाराष्ट्र सुन्न झाला आणि ते सुन्न होणं खरं होतं. राज्यातल्या रुग्णालयांच्या सुरक्षेची तपासणी करण्याचे आदेश निघाले. 'फायर ऑडिट' हा शब्द तेव्हा घराघरांत पोचला.

२३ एप्रिल २०२१. विरारच्या एका खासगी कोविड रुग्णालयात पहाटे अतिदक्षता विभागाला आग. किमान १३ रुग्ण गेले.

६ नोव्हेंबर २०२१. अहमदनगर, म्हणजे आताचं अहिल्यानगर. तिथल्या जिल्हा रुग्णालयाच्या कोविड अतिदक्षता विभागाला आग. किमान ११ रुग्ण गेले. दिवाळी चालू होती.

दहा महिन्यांत तीन. भंडाऱ्याच्या वेळी ज्याला धक्का बसला, त्याला मी समजू शकतो. पण नगरच्या वेळी? जानेवारीत राज्याला कळलं होतं की आपल्या अतिदक्षता विभागांना आग लागू शकते आणि झोपलेला, नळ्या लावलेला रुग्ण पळू शकत नाही. जानेवारीनंतर ती माहिती होती. तरी प्रत्येक वेळी टीव्हीच्या पट्टीवर आणि पुढाऱ्यांच्या ट्विटमध्ये तीच भाषा होती, शॉकिंग, धक्कादायक, मन सुन्न करणारी घटना. पहिल्या आणि तिसऱ्या दुर्घटनेला शब्द एकच वापरला की दोघींमधला फरक पुसला जातो. पहिल्यात निष्काळजीपणा असेल, तिसऱ्यात त्यात जाणूनबुजून केलेली टाळाटाळही आली. हा फरक न्यायालयात महत्त्वाचा असतो, विधानसभेत महत्त्वाचा असतो, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला तर तो आयुष्यभर महत्त्वाचा असतो. 'धक्कादायक' या शब्दाने तो आपल्या डोळ्यांदेखत नाहीसा होतो.

ही युक्ती काही आपल्याकडची नाही. १९४२ सालचा 'कासाब्लांका' नावाचा अमेरिकन सिनेमा आहे. त्यात एक पोलिस अधिकारी कॅफे बंद करायला येतो आणि कारण सांगतो की इथे जुगार चालतो हे पाहून आपल्याला धक्का बसला. तो हे म्हणतोय तोच कॅफेतला एक माणूस त्याने जुगारात जिंकलेले पैसे त्याच्या हातात आणून देतो. साहेब हळूच थँक्यू म्हणून ठेवूनही घेतात. आजही इंग्रजी बोलणाऱ्या देशांत एखादा नेता फार धक्का बसल्याचं सांगू लागला, की लोक या प्रसंगाची आठवण काढून हसतात. आपल्याकडे अजून हसायला सुरुवात व्हायची आहे. आपण तो धक्का तीन कॉलमांत छापतो.

आमच्या धंद्याबद्दलही बोललं पाहिजे. पत्रकारितेच्या डिप्लोमाला आम्हाला पहिल्याच महिन्यात शिकवलं होतं की बातमीत विशेषण घालायचं नाही, माहिती घालायची. वाचकाला धक्का बसायचा असेल तर तो माहितीने बसेल. आज मोबाईलवर कुठलंही न्यूज पोर्टल उघडा. 'धक्कादायक!' हा शब्द बातमीच्या आधी येतो, लग्नाच्या पत्रिकेवर गणपती यावा तसा. नगरसेवक या पक्षातून त्या पक्षात गेला, 'राजकीय भूकंप'. अरे, भूकंप म्हणजे काय हे मराठवाड्यातल्या माणसाला विचारा. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारच्या सुमारास किल्लारी. सुमारे १० हजार माणसं गेली. ज्या भाषेत तो दिवस 'भूकंप' या शब्दात सांगितला जातो, त्याच भाषेत नगरसेवकाच्या उडीलाही भूकंप म्हणायचं? आणि एवढी ओरड करून पुन्हा खरंच जमीन हलली, तर शब्द उरलाय का आपल्याकडे?

आता कुणी म्हणेल, तुम्ही शब्दांवर काय घसरता, पोरं दिवसभर 'वॉव', 'ऑसम', 'ओएमजी' करतात त्यांना आधी आवरा. नाही, पोरांवर माझा राग नाही. 'वॉव' हा काही कालचा शब्द नाही. स्कॉटलंडच्या सोळाव्या शतकातल्या लिखाणात तो सापडतो. 'ओएमजी' हे मोबाईलचं पिल्लू वाटतं ना? १९१७ साली लॉर्ड फिशर नावाच्या सत्तरी ओलांडलेल्या ब्रिटिश ॲडमिरलने विन्स्टन चर्चिलला लिहिलेल्या पत्रात ते आहे! 'ऑसम'च्या मुळाशी असलेला 'ऑ' हा भीतीचा शब्द, देवापुढे किंवा खवळलेल्या समुद्रापुढे वाटते तसली भीती. आता पोरं तो मिसळीला वापरतात. वापरू देत. मिसळ झणझणीत असेल तर थोडी भीती त्यातही असते. पोरांच्या 'ऑसम'ने कुणाचं प्लॅस्टर पडत नाही. साहेबांच्या 'शॉकिंग'ने पुढचं प्लॅस्टर पडायची वाट मोकळी होते.

शिवाय आश्चर्याचं दुसरंही एक घराणं आहे आणि ते मला जास्त जवळचं वाटतं. इंग्रजीतले 'मिरॅकल', 'मार्व्हल', 'ॲडमायर' हे शब्द लॅटिनमधल्या नवलाच्या शब्दावरून आले. भाषेचे अभ्यासक त्याचं मूळ मागे नेतात ते हसण्याच्या एका प्राचीन धातूपर्यंत. इंग्रजीतलं 'स्माइल' त्याच धातूचं. आपलं 'स्मित' त्याच धातूचं. आणि 'विस्मय'सुद्धा. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अद्भुत रसाचा स्थायीभाव विस्मय सांगितलाय, तोच हा. एक आश्चर्य डोक्यात दगड घालतं आणि दुसरं चेहऱ्यावर हसू आणतं. मराठीत या दुसऱ्यासाठी किती शब्द आहेत बघा. नवल, अप्रूप, कौतुक, अचंबा. आजीच्या तोंडचं 'अगंबाई', आजोबांचं 'अबब'.

हे दुसरं आश्चर्य आपल्या सार्वजनिक आयुष्यातून जवळपास हद्दपार झालंय. चौथीपर्यंत शिकलेली एक बाई दीड वर्ष तीन पत्रांच्या पोचा प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवते, हे मला विस्मयाचं वाटतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. मोलमजुरी सांभाळून ती तालुक्याला गेली, शिक्का मारून घेतल्याशिवाय खिडकी सोडली नाही. कुठल्या पोर्टलवर ही बातमी 'धक्कादायक!' म्हणून येणार नाही. पण थक्क व्हायचं तर इथे व्हावं.

म्हणून माझं म्हणणं एवढंच. इथून पुढे आपल्या गावात, तालुक्यात कुणी जबाबदार माणूस 'धक्का बसला' म्हणाला, की त्याला सहानुभूती द्यायची नाही. तीन प्रश्न विचारायचे.

एक. या विषयाचं पहिलं पत्र तुमच्या कार्यालयात कोणत्या तारखेला आलं? आवक क्रमांक काय?

दोन. ते कुणाच्या टेबलावर किती दिवस होतं?

तीन. याआधी असंच कुठे घडलं होतं का, आणि तेव्हा काय आदेश निघाले होते?

उत्तर मिळालं नाही, तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. साध्या कागदावर अर्ज, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, ३० दिवसांची मुदत. नुसत्या नकलाच मिळतात असं नाही, कार्यालयात बसून नोंदवह्या आणि फायली पाहण्याचाही अधिकार त्या कायद्याने दिलाय. आवक नोंदवही मागा. त्या वहीइतकं खरं बोलणारं पुस्तक कुठल्याच सरकारी कार्यालयात नाही. कुणाला कधी कळलं, हे त्यात तारखेनिशी लिहिलेलं असतं.

ग्रामसभेला जाल तेव्हा आणखी एक करा. शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी, ओढ्यावरचा पूल, जे काही धोकादायक दिसतंय ते लेखी द्या आणि पोच घ्या. पोच हातात असली की पुढे कुणाला अस्टॉनिश व्हायची सोय राहत नाही. त्या कागदाने तुम्ही साहेबांवर कायदेशीर छापा घातलेला असतो. मग ते सरप्राइज झाले, तर ते शब्दाच्या अस्सल, जुन्या अर्थाने.

त्या शाळेच्या दोन खोल्यांना सध्या कुलूप आहे. तिसरी आणि चौथीचा वर्ग समाजमंदिरात भरतोय. निर्लेखनाचा प्रस्ताव 'वर' गेलाय, असं कळतं. जावक क्रमांक मी विचारलाय. मिळाला की इथेच टाकतो. तोवर तुमच्या गावातली शाळा एकदा आत जाऊन, मान वर करून बघून या.